रॉकेलवरचा फ्रिज

माझा धाकटा भाऊ वसू गेल्यानंतर त्याची मुलगी मीनल मला एके दिवशी बळेच फ्रिज घ्यायला घेऊन गेली. घरातल्या जुन्याचं दार नीट लागत नव्हतं, आणि एकटीच्या दूध-भाजीला एवढं धूड कशाला, असं तिचं म्हणणं. दुकानातला तरुण विक्रेता अदबीनं बोलत होता. वीज किती कमी लागते, बर्फ कसा साचत नाही, दारात बाटल्या किती मावतात, हे सगळं त्यानं सांगितलं. त्याचं संपल्यावर मी विचारलं, "ये बंद कैसे पड़ता है?" तो हसला. म्हणाला, "आंटी, ये बंद नहीं पड़ता." मीनल माझ्या कानाशी पुटपुटली, "आत्या, असं काय विचारतेस?" तो प्रश्न माझा नव्हताच. तो नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता, आणि मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होते.

नाना विमा कंपनीत मालाचे सर्व्हेअर होते. खिदिरपूरच्या गोदीत जहाजातून उतरलेला माल भिजलेला, फुटलेला, सडलेला निघाला की त्यांना बोलावणं येई. पेटी उघडायची, नुकसान किती ते बघायचं आणि ते कशानं झालं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. कापडाच्या गाठीवर डाग असला तर पाणी समुद्राचं की पावसाचं, हा पहिला प्रश्न. ते डागावर औषधाचा एक थेंब सोडत. तो दुधासारखा पांढरा झाला तर समुद्र. जन्मभर मोडक्या वस्तू बघितलेल्या या माणसाला धड वस्तूविषयी फारसा विश्वास नव्हता. ते म्हणत, वस्तू चालते कशी हे दुकानदार सांगतोच; ती बंद कशी पडेल हे आपण विचारायचं.

पुण्याहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा धरमतल्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. वरच्या मजल्यावर एक बंगाली बाई राहत, त्यांना आम्ही मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत असू. त्या विधवा होत्या, त्यांची मुलं नोकऱ्यांना बाहेरगावी. संध्याकाळ झाली की त्यांचा शंख वाजे, आणि साधारण त्याच वेळी गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या कोळशाच्या शेगड्या पेटत. धूर वर जाण्याऐवजी जिन्यात येऊन बसे. आई ओल्या पदरानं नाक झाकून भाकऱ्या थापी, आणि खालून ट्रामची घंटा ऐकू आली की म्हणे, "आले बघ." नाना त्या ट्रामनं आलेले नसले तरी म्हणे. त्या भागाची आणखी एक गोष्ट आताच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. आमच्या गल्लीत वीज होती, पण ती जुन्या पद्धतीची, एकाच दिशेनं वाहणारी. तिला सगळे डीसी म्हणत. दिवे लागत, पंखे फिरत, पण नव्या दुकानांतली बहुतेक यंत्रं आमच्या घरात आणली असती तर जळून तरी गेली असती, नाहीतर नुसती उभी राहिली असती.

आम्ही पहिल्यांदा यंत्र बघायला गेलो ते धुण्याचं. वसू तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, आणि एवढा मोठा मुलगा अचानक रोज अंथरूण ओलं करू लागला. भाद्रपदातली कलकत्त्याची हवा; चादर दोन-दोन दिवस वाळत नसे. आई न्हाणीत उकिडवी बसून धूत राही, तिच्या बोटांना भेगा पडल्या. नाना एकदा ते बघत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, उद्या एस्प्लनेडला जाऊ." आई नव्या लुगड्यात, आम्ही दोघं इस्त्रीच्या कपड्यांत, असे आम्ही देवदर्शनाला निघाल्यासारखे निघालो. दुकानात एक पांढरं, गोल, पिळायचे रूळ बसवलेलं, आमच्या डीसीवरही चालणारं यंत्र होतं. आईनं त्याच्या झाकणावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"दादा, बीस साल देखना नहीं पड़ेगा," विक्रेता म्हणाला. "बंद ही नहीं होगा."

"बंद तो सब होता है," नाना म्हणाले. "कैसे होगा, वो बताइए. पहले क्या जाएगा?"

विक्रेत्याचा चेहरा पडला. त्यानं मालकाला बोलावलं. मालकालाही नानांनी तेच विचारलं, आणि मग खाली वाकून यंत्राच्या पोटात बघू लागले.

"अहो," आई दबक्या आवाजात म्हणाली, "नवरीमुलगी बघायला आल्यावर ती मरेल कशानं हे विचारतात का?"

"विचारायला हवं," नाना वाकलेलेच म्हणाले.

यंत्र घेतलं नाही. नाना आणखी दोन दुकानं बघणार होते. पण त्याच आठवड्यात आईनं एका सकाळी न्हाणीत टाकलेली चादर उचलली तेव्हा ती मुंग्यांनी काळी झालेली होती. ती चादर हातात धरून तशीच नानांपुढे आली. नानांनी आयुष्यभर डाग वाचले होते. त्यांनी एकदा चादरीकडे बघितलं, एकदा वसूकडे, आणि आंघोळ न करताच डॉक्टरबाबूंकडे निघाले.

त्यानंतर धुण्याच्या यंत्राचं नाव घरात कुणी काढलं नाही. रोज सकाळी वसूला इन्सुलिन टोचायचं. काचेची सिरिंज आणि सुई आधी उकळून घ्यायची. लघवीचे थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर ती नळी तापवायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला तर वाईट. हे काम नाना करत. गोदीतल्या डागावर थेंब सोडणारा तोच हात सकाळी नळी खिडकीपाशी उजेडात धरी. मासीमांनी पाटिसापटाची, म्हणजे सारण भरलेल्या गोड घावनांची, ताटली आमच्या दारावरून नेताना पदराखाली झाकून न्यायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

औषधाच्या कुप्या आम्ही माठात, पाण्याच्या वर टांगून ठेवत असू. थंडीत ते निभलं. वैशाखात निभलं नाही. उन्हाची तिरीप स्वयंपाकघरात कधी आली आणि माठ किती तापला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. औषध टोचत होतो, पण त्यातलं सत्त्व गेलेलं होतं. वसू झोपाळल्यासारखा झाला, त्याच्या श्वासाला कुजक्या फळांचा वास येऊ लागला, आणि मग हाक मारली तरी डोळे उघडेना. इस्पितळातून तो परत आला, पण डॉक्टरबाबूंनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. घरात गारवा करा.

नानांनी फ्रिज शोधायला सुरुवात केली. डीसीवर साधा फ्रिज चालत नाही. वीज बदलून देणारं दुसरं एक यंत्र मिळे, ते मध्ये बसवता आलं असतं. नाना म्हणाले, "म्हणजे बंद पडणाऱ्या दोन गोष्टी. आणि तिसरी ती वीज." विजेचा तेव्हा खरंच नेम राहिला नव्हता, अख्खी वस्ती तासन् तास अंधारात बसे. शेवटी लिलावाच्या एका दुकानात त्यांना हवी ती वस्तू सापडली. आसामातल्या कुठल्याशा चहाच्या मळ्यातून आलेला, रॉकेलवर चालणारा फ्रिज. हमालांनी तो दोरखंड बांधून जिन्यावरून चढवला तेव्हा आई म्हणाली, "विस्तवावर थंड होतं? थट्टा करताय की काय?" पण तो होता तसाच. खाली रॉकेलची टाकी, तिच्यावर वात, वातीची ज्योत मागच्या नळीला तापवी, आणि त्या उष्णतेनं, नानांनी दोनदा समजावूनही आईला आणि मला न कळलेल्या रीतीनं, आत गारठा पडे. त्यात मोटर नव्हती. आवाज नव्हता. "आत हलणारं काहीच नाही," नाना म्हणाले. मी त्यांना इतकं समाधानी क्वचितच बघितलं. "मोडायचं म्हटलं तरी मोडणार काय?"

त्याचे नखरे मात्र होते. तो तसूभरही कलता उभा राहिला तर रुसे. नानांनी त्याच्या डोक्यावर पाण्यानं भरलेली ताटली ठेवून, पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत तो सपाट बसवला. वात काळजीनं कापावी लागे. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की धूर, धूर झाला की काजळी, आणि काजळी धरली की गारठा संपला. ज्योत मागे, नजरेआड असे, म्हणून खालच्या कप्प्यात एक लहानसा आरसा बसवलेला होता. जमिनीवर पालथं पडून त्यात बघायचं. ते काम वसूनं स्वतःकडे घेतलं. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर तो फरशीवर गाल टेकून बघे आणि सांगे, "निळा आहे." नळीतलं औषध निळं आणि आरशातली ज्योत निळी, एवढं झालं की त्या घरातला दिवस सुरू होई.

त्याच वर्षीच्या श्रावणात हे झालं.

आई रत्नागिरीकडची. तिच्या माहेरी श्रावणातल्या सप्तमीला शीतळादेवीचं व्रत कडक असे. मुलाबाळांसाठी करायचं व्रत. आदल्या दिवशी सगळं रांधायचं, चूल सारवून तिला हळदकुंकू लावायचं, आणि सप्तमीला घरात विस्तव म्हणून पेटवायचा नाही. चहा नाही, ऊनपाणी नाही, देवापुढे निरांजनसुद्धा नाही. देवी त्या दिवशी घरोघर फिरते आणि तिला गारवा हवा असतो, असं आई सांगे. आदल्या वर्षी मात्र सप्तमीला आईच तापानं फणफणली होती आणि नानांनी तिच्या पेजेसाठी शेगडी पेटवली होती. आणि पुढच्याच महिन्यात ती मुंग्यांची चादर. आईनं या दोन गोष्टींची गाठ मनात कधी मारली, ते आम्हाला त्या संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं.

ती शेगडीतली राख काढत होती. दहीभात, सांजाच्या पोळ्या, काकडीची कोशिंबीर, सगळं झाकून ठेवलेलं होतं.

"उद्या पेटतं काही नको," ती म्हणाली.

"सिरिंज?" नानांनी विचारलं.

"आत्ताच उकळून स्पिरिटात ठेवली. नळी एक दिवस नाही तापवली तर चालेल. डॉक्टरबाबूंना विचारून आले मी."

नाना चप्पल काढता काढता थांबले. "आणि फ्रिज?"

आईनं राखेचं घमेलं उचललं, परत खाली ठेवलं. "तेच म्हणतेय. गेल्या वर्षी माझ्यापायी पेटवलं. काय झालं ते बघितलंत."

त्या दिवसांत इन्सुलिन बाजारात मिळेनासं झालं होतं. ओळखीपाळखीनं मिळाल्या तेवढ्या सगळ्या कुप्या त्या फ्रिजात होत्या. तो एकदा विझला की पुन्हा पुरता गार व्हायला दिवस-दीड दिवस लागे. हे आईलाही ठाऊक होतं. ती वर मासीमांकडे जाऊन आली. मासीमा तिला बउमा, म्हणजे सूनबाई, म्हणत. त्यांनी खरं ते सांगितलं: आमच्यातही भाद्रपदात उनुन, म्हणजे चूल, थंड ठेवायचा दिवस असतो, पण सासूबाईंनी अशा वस्तूबद्दल काही सांगून ठेवलेलं नाही, बउमा, तुझ्या पोराचं तूच ठरव.

"व्रत तुझं आहे," नाना शेवटी म्हणाले. "त्यात मी कधी बोललो नाही." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "मुलगा दोघांचा आहे."

सकाळी मी उठले तेव्हा आई गार पाण्यानं न्हालेली होती आणि फ्रिजची वात खाली करून विझवलेली होती. नाना कचेरीत गेले नाहीत. त्यांनी पोतं भिजवून फ्रिजवर पांघरलं, वसूचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "आज हे दार कुणी उघडायचं नाही." मग खुर्ची ओढून ते त्याच्याशेजारी बसून राहिले, जसं दुखणाईताच्या उशाशी बसतात. दुकानदारांना त्यांनी इतकं विचारलं होतं, वात, टाकी, काजळी, सांधे. पण कुणी ती ज्योत हात जोडून विझवील, हे त्यांच्या प्रश्नांत आलेलं नव्हतं.

हवा अगदी पडलेली होती. श्रावण असूनही पावसाचा पत्ता नव्हता, आणि गल्लीतून उकाडा वर येत होता. आई देवीच्या टाकापुढे बसली होती. वसूनं वेळेवर दहीभात खाल्ला, कारण टोचल्यावर त्याला खाल्ल्यावाचून चालत नसे, आणि सवयीनं फरशीवर पालथा पडला.

"आई, निळा नाहीये."

"आज नाही," आई म्हणाली.

"रॉकेल संपलं?"

"नाही रे. आज देवीचा दिवस. विस्तव तिला चालत नाही."

"पण ते माझं औषध आहे ना आत?"

"व्रतही तुझ्यासाठीच आहे, राजा."

वसू उठून बसला. त्याच्या गालावर फरशीच्या रेघा उठल्या होत्या. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग तू तिला विचारलंस का?"

आमच्या कोकणात देवाला विचारायची रीत आहे. तिला कौल लावणं म्हणतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं बोलायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आईनं तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि टाकाला लावल्या. तिचे ओठ हलले. मग ती डोळे न मिटता बघत बसली. मी तिच्या मागे बसले, वसू माझ्या मांडीला टेकून. खालून ट्राम गेली, खिडकीची तावदानं थरथरली. पाकळ्या हलल्या नाहीत. मासीमांच्या घरात भांडं पडलं. पाकळ्या तशाच. नाना खुर्चीतून उठून दारात येऊन उभे राहिले होते. देवघराशी त्यांचा संबंध नसे, पण त्या वेळी तेही त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडेच बघत होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आई उठली. फ्रिजपाशी गेली, पोत्यावर हात ठेवला. पोतं वाळत आलं होतं. तिनं दार उघडलं, आत हात घालून एक कुपी मुठीत धरली आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग कुपी जागेवर ठेवून देवीपुढे परत आली. पाकळ्या जिथल्या तिथे होत्या. आईनं हात जोडले आणि घरी आलेल्या पाहुणीला सांगावं तसं हळूच म्हणाली, "तू बस हो. मी आलेच."

फडताळातून तिनं काड्यापेटी घेतली. दमट हवेनं पहिली काडी नुसती घासली गेली. नाना पुढे झाले. ती म्हणाली, "तुम्ही नको. मीच." दुसरी काडी पेटली. ती वाकून बराच वेळ मागे काहीतरी करत राहिली. मला तिचा पाठमोरा पदरच दिसत होता. मग आवाज आला, "वसू, बघ."

वसू पालथा पडला. "पिवळा," तो म्हणाला. "पिवळाच आहे. थांब. पिवळा. आता निळा."

आईनं त्या दिवशी शिळंही खाल्लं नाही, ताजंही नाही. संध्याकाळी निर्माल्य काढताना मी शेजारी होते. दोन्ही पाकळ्या सुकून टाकाला चिकटलेल्या होत्या. देवीनं काहीच सांगितलं नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षं वसूला साधी कणकण आली तरी आईचा चेहरा त्या दुपारसारखा होई. नाना एकदा तिला धीर द्यायला म्हणाले, "इतकी वर्षं झाली. देवीला चाललं असणार." आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिनं तसं सांगितलं नाही." दर सप्तमीला ती शेगडी विझवी आणि ती वात तेवती ठेवी, पाटावर दहीभाताची वाटी त्या आरशापुढे ठेवी. हे तिला पटलं होतं म्हणून नव्हे. पटलेलं नसताना करत होती, हे मला आता कळतं. पुढे आम्ही नव्या वस्तीत राहायला गेलो, तिथं साध्या विजेवरचा फ्रिज आला आणि प्रश्नच उरला नाही. तो जुना फ्रिज नानांनी बजबजच्या एका दवाखान्याला देऊन टाकला. देताना तिथल्या माणसाला त्यांनी पाण्याची ताटली ठेवून तो सपाट कसा बसवायचा ते स्वतः दाखवलं.

वसू शिकला, नोकरीला लागला, त्याचा संसार झाला, त्याला मुलगी झाली. डॉक्टरबाबूंनी कधी धरली नव्हती एवढी वर्षं तो जगला. आई आधी गेली, आणि जाताना तिला उत्तर मिळालेलं नव्हतं. शेवटची काही वर्षं, त्याची बायको गेल्यावर, वसू माझ्याकडेच राहायला होता. स्वयंपाकघरात आला की वाकून फ्रिजखाली बघितल्यासारखं करी आणि म्हणे, "ताई, निळा आहे." आम्ही दोघंच हसत असू. आता ते सांगितलं तर हसणारं कुणी नाही.

मीनलनं शेवटी तिच्या मनासारखा लहान फ्रिज घेतला. माणसांनी तो आणून लावला, आणि गार होईपर्यंत काही ठेवू नका म्हणून सांगून गेले. जुन्याच्या दारात वसूच्या चार कुप्या अजून होत्या, एक अर्धी. मीनल म्हणाली, "आत्या, या आता टाकायच्या ना?" मी नव्याच्या डोक्यावर ताटलीत पाणी ठेवून बघितलं, सपाट होता. दुपारपर्यंत आतला गारवा हाताला लागू लागला. मग मी आधी वसूच्या कुप्या आत ठेवल्या, आणि नंतर दूध.